जोहोरमधली ९ वर्षं, पुत्रजयातले १७ महिने

मलेशियाच्या संसदेच्या खालच्या सभागृहाचं नाव आहे 'देवान रक्यात'. देवान म्हणजे आपल्या दिवाणखान्यातला दिवाण आणि रक्यात म्हणजे आपली रयत. रयतेची सभा. तिथल्या पंतप्रधानाला 'परदाना मेंतेरी' म्हणतात. जरा हळू उच्चारून पाहा, प्रधानमंत्री ऐकू येईल. राज्याला 'नगरी', भाषेला 'बहासा', राजवाड्याला 'इस्ताना', म्हणजे संस्कृतातलं आस्थान. देशाची प्रशासकीय राजधानी आहे पुत्रजया. आणि मलेशियाच्या राजकारणात सारखा कानावर पडणारा शब्द आहे 'बूमिपुत्रा', म्हणजे भूमिपुत्र. मुंबईच्या राजकारणात ही घोषणा होती, तिकडे ते सरकारी धोरण आहे.

शब्द इतके ओळखीचे असूनही मलेशियातलं राजकारण आपल्याला पटकन उलगडत नाही. राजा आहे, पण तो ५ वर्षांनी बदलतो. राज्यांत सुलतान आहेत आणि निवडून आलेले मुख्यमंत्रीही आहेत. पक्षांची नावं सारखी बदलतात. हा गुंता एका माणसाच्या हाताला धरून सोडवायचा, तर मला मुहयिद्दीन यासीन यांच्याइतका योग्य माणूस दुसरा दिसत नाही. ते केंद्रात उपमंत्री होते, मग राज्यात मुख्यमंत्री, मग केंद्रात मंत्री, उपपंतप्रधान, बंडखोर, गृहमंत्री, पंतप्रधान आणि आता विरोधी बाकांवरचे नेते. जवळजवळ प्रत्येक खोलीत ते जाऊन आले आहेत.

आधी नावाचं सांगतो. मलय माणसाला आडनाव नसतं. मुहयिद्दीन हे त्यांचं नाव, यासीन हे वडिलांचं. म्हणून त्यांना 'यासीन' म्हणणं म्हणजे वडिलांच्या नावाने हाक मारणं. आणि मलय म्हणजे मलयाळी नव्हे. मलेशियाच्या घटनेच्या कलम १६० मध्ये मलय कोण याची व्याख्याच दिली आहे: इस्लाम धर्म पाळणारा, रोजच्या व्यवहारात मलय भाषा बोलणारा आणि मलय रीतिरिवाज मानणारा. वंशाचा उल्लेख पहिल्या ओळीत नाही. मुहयिद्दीन यांचे वडील धार्मिक शिक्षक होते, त्यांचं घराणं मूळचं सुलावेसी बेटाकडच्या बुगीस लोकांचं, आई जावानीज, म्हणजे जावा बेटाकडच्या वंशाची. दोघांचा मुलगा मात्र पूर्ण मलय. त्या ओळखीत किती लोक सामावून गेले आहेत, हे एवढ्यावरून कळतं.

राजे ९, राज्यं १३

मलेशियात १३ राज्यं आहेत. त्यांपैकी ९ राज्यांत पिढीजात राजे आहेत, बहुतेक ठिकाणी त्यांना सुलतान म्हणतात. उरलेल्या ४ राज्यांत, म्हणजे पेनांग, मलाक्का, साबा आणि सारावाकमध्ये, राज्यपाल असतात. ९ राजे आपल्यातून एकाला ५ वर्षांसाठी देशाचा राजा निवडतात. तो आगोंग. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

राजा असलेल्या राज्याच्या मुख्यमंत्र्याला 'मेंतेरी बसार' म्हणतात. बसार म्हणजे मोठा, म्हणून मोठा मंत्री. विधानसभेत ज्याच्यामागे बहुमत आहे असं सुलतानाला वाटतं, त्याची नेमणूक होते. इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाला नवी वाटेल. या राज्यांच्या घटनांनुसार मेंतेरी बसार मलय मुसलमान असावा लागतो, सुलतानाने सूट दिली तरच अपवाद. देशाच्या पंतप्रधानासाठी मात्र घटनेत अशी अट नाही. अलिखित संकेत आहे आणि आजवर तो मोडलेला नाही.

आता पैसा आणि अधिकार. प्राप्तिकर, कंपनीकर, पोलीस, शिक्षण, आरोग्य, सगळं केंद्राकडे. राज्याकडे जमीन, जंगल, पाणी, इस्लामविषयक कारभार आणि स्थानिक संस्था. हे वाचून राज्यं दुबळी वाटतील. तिजोरीच्या हिशेबाने ती दुबळी आहेतच. पण जमीन हातात असणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. कुठला रबराचा मळा औद्योगिक वसाहत होणार आणि कुठे घरांची योजना उभी राहणार, हे मेंतेरी बसारच्या कार्यालयात ठरतं. त्यात भर म्हणजे मलेशियात नगरपालिकांच्या निवडणुका होतच नाहीत. १९६५ मध्ये त्या स्थगित झाल्या, पुढे कायद्यानेच बंद झाल्या. नगरसेवक राज्य सरकार नेमतं. गावचे मुखियाही नेमलेले. राज्यभरातल्या सगळ्या नगरपालिकांचे सगळे नगरसेवक एका कार्यालयातून नेमले जात असतील तर त्या खुर्चीचं पक्षातलं वजन किती असेल, ते आपणच पाहावं.

आणि पक्ष म्हणजे त्या काळी एकच, अम्नो. युनायटेड मलेज नॅशनल ऑर्गनायझेशन. मे १९४६ मध्ये जोहोर बारू शहरात त्याची स्थापना झाली. संस्थापक ओन जाफर लवकरच जोहोरचे मेंतेरी बसार झाले. आजचे जोहोरचे मेंतेरी बसार ओन हाफिझ गाझी हे त्यांचेच पणतू. अम्नोच्या नेतृत्वाखाली मलय, चिनी आणि भारतीय वंशाच्या पक्षांची आघाडी होती, तिचं नाव बारिसान नॅशनल. १९५७ च्या स्वातंत्र्यापासून २०१८ पर्यंत या आघाडीने, किंवा तिच्या आधीच्या रूपाने, केंद्रातली सत्ता एकदाही गमावली नाही. त्यामुळे खरी स्पर्धा सार्वत्रिक निवडणुकीत नसायची. अम्नोचा अध्यक्ष पंतप्रधान आणि उपाध्यक्षपदावरचा माणूस उपपंतप्रधान, असा शिरस्ताच होता. सत्तेची शिडी पक्षाच्या आत होती.

मुआरचा पदवीधर ते जोहोरचा मोठा मंत्री

मुहयिद्दीन यांचा जन्म १५ मे १९४७ चा, जोहोरमधल्या मुआर या नदीकाठच्या गावातला. मलाया विद्यापीठातून अर्थशास्त्र आणि मलय अभ्यास हे विषय घेऊन ते १९७१ मध्ये पदवीधर झाले. ते वर्ष मलेशियात फार महत्त्वाचं आहे. १३ मे १९६९ ला क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी लोकांमध्ये भीषण दंगल झाली होती. त्यानंतर सरकारने १९७१ पासून नवं आर्थिक धोरण आणलं. भूमिपुत्रांना शिक्षणात, नोकरीत, धंद्यात राखीव वाटा, आणि १९९० पर्यंत कंपन्यांच्या भागभांडवलात ३० टक्के हिस्सा हे त्याचं उद्दिष्ट. हे धोरण राबवण्यासाठी प्रत्येक राज्याने स्वतःची आर्थिक विकास महामंडळं उभी केली. राज्याच्या नोकरीत लागलेला हा तरुण पदवीधर लवकरच जोहोरच्या अशाच महामंडळाच्या कंपन्यांत गेला. एका अख्ख्या पिढीला या धोरणाने गावातून उचलून कार्यालयात बसवलं. मुहयिद्दीन त्या पिढीचे आहेत. पुढे आयुष्यभर ते मलय हिताची भाषा बोलत राहिले, ती ओढ तिथून आलेली आहे असं मला वाटतं.

१९७८ मध्ये ते मुआरजवळच्या पागोह मतदारसंघातून खासदार झाले. परराष्ट्र खात्यात संसदीय सचिव, मग दोन खात्यांत उपमंत्री. आणि १९८६ मध्ये त्यांची गाडी उलट्या दिशेने वळली. आपल्याकडे नेता आधी राज्यात मोठा होतो आणि मग दिल्लीला जातो, असा साधारण क्रम असतो. मुहयिद्दीन यांना पक्षाने केंद्रातून राज्यात पाठवलं. पागोहची जागा सोडून बुकित सेरामपांग या विधानसभा मतदारसंघातून ते उभे राहिले आणि ऑगस्ट १९८६ मध्ये जोहोरचे मेंतेरी बसार झाले. वय ३९.

त्यांना पाठवण्याची वेळही नाजूक होती. त्याच वर्षी मार्चमध्ये जोहोरचे मोठे नेते मुसा हिताम यांनी पंतप्रधान महाथीर मोहमद यांच्याशी न पटल्यामुळे उपपंतप्रधानपद सोडलं होतं. जोहोर म्हणजे अम्नोचं माहेर, आणि ते महाथीर यांच्यावर रुसलेलं. पुढच्या वर्षी पक्षाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली तेव्हा महाथीर ७६१ विरुद्ध ७१८ अशा फक्त ४३ मतांनी वाचले. १९८८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने अम्नोलाच बेकायदा ठरवलं आणि महाथीर यांना नवा पक्ष नोंदवावा लागला. ऑगस्टमध्ये खुद्द जोहोर बारूच्या पोटनिवडणुकीत शाहरीर समद हे अपक्ष उभे राहून नव्या अम्नोच्या उमेदवाराला हरवून निवडून आले. ज्या राज्यात हे घडत होतं, तिथे पक्ष सांभाळायचं काम मुहयिद्दीन यांच्याकडे होतं. त्यांनी तो सांभाळला. ९ वर्षं ते त्या खुर्चीवर राहिले, ही गोष्ट लहान नाही.

त्या ९ वर्षांत जोहोर बदललं. नकाशा डोळ्यांसमोर आणा: मलय द्वीपकल्पाचं दक्षिण टोक म्हणजे जोहोर, आणि एक अरुंद सामुद्रधुनी ओलांडली की सिंगापूर. सिंगापुरात जागा नाही, मजुरी वाढलेली, म्हणून कारखाने पूल ओलांडून जोहोरकडे यायला लागले. जमीन देणारा कोण? राज्य. पाणी देणारा कोण? तेही राज्य. सिंगापूरची बरीचशी तहान जोहोर नदीवर भागते. १९६२ च्या करारानुसार सिंगापूर २०६१ पर्यंत रोज २५ कोटी गॅलन पाणी उचलू शकतं, हजार गॅलनला ३ सेन, म्हणजे तिथले ३ पैसे, या दराने, आणि हा दर आजही मलेशियाला बोचतो. मुहयिद्दीन यांच्या कारकिर्दीत, १९९० मध्ये, याला जोडून दुसरा करार झाला आणि लिंगिऊ धरण बांधलं गेलं. पाणी हा राज्याचा विषय असल्यामुळे हे दोन्ही करार जोहोर सरकारच्या नावाने आहेत. एका देशाचं पिण्याचं पाणी शेजारच्या देशातल्या एका राज्याच्या सहीवर अवलंबून असावं, असं उदाहरण जगात शोधूनही क्वचित सापडेल.

सगळ्यांत अवघड प्रसंग आला तो १९९२ च्या अखेरीस. जोहोरच्या सुलतान इस्कंदर यांनी एका हॉकी प्रशिक्षकाला राजवाड्यात मारहाण केल्याचा आरोप झाला. देशभर संताप उसळला. महाथीर सरकारने १९९३ मध्ये घटनादुरुस्ती करून राजांचं कायद्यापासूनचं संरक्षण काढून घेतलं आणि त्यांच्यासाठी विशेष न्यायालय निर्माण केलं. आता त्या वेळच्या मेंतेरी बसारची जागा पाहा. त्याची नेमणूक करणारा सुलतान एका बाजूला, त्याला तिथे पाठवणारा पक्षाध्यक्ष दुसऱ्या बाजूला, आणि त्याचा मतदार असा, की ज्याच्या मनात राजाविषयी पिढ्यान्पिढ्यांची निष्ठा आहे. ही ओढाताण मलय राज्यातल्या प्रत्येक मेंतेरी बसारच्या नशिबी असते. मुहयिद्दीन यांच्या वाट्याला तिचं सर्वांत तीव्र रूप आलं.

त्याच १९९३ मध्ये अम्नोची निवडणूक झाली. पुढे पंतप्रधान झालेले अन्वर इब्राहिम तेव्हा उपाध्यक्षपदासाठी उतरले होते आणि त्यांच्या गटाने खालच्या तिन्ही उपनेतेपदांवर आपली माणसं निवडून आणली: मुहयिद्दीन, नजीब रझाक आणि मुहम्मद मुहम्मद ताइब. या तिघांकडे नीट पाहिलं की यंत्रणा कळते. मुहयिद्दीन जोहोरचे मेंतेरी बसार, मुहम्मद ताइब सलांगोरचे, आणि नजीब पूर्वी पाहांगचे. मतदान करणारे पक्षाचे प्रतिनिधी फार नव्हते, १९८७ च्या मतांची बेरीज केली तर दीड हजारांच्या आतच भरतात. हे प्रतिनिधी तालुक्या-तालुक्यातून येत. ज्याच्याकडे जमीन, कंत्राटं आणि नगरसेवकांच्या नेमणुका, त्याच्याकडे प्रतिनिधी. पंतप्रधान मेंतेरी बसार पाठवत असे, पण मेंतेरी बसारही दिल्या-घेतल्याचा हिशेब ठेवत वर चढत असे.

केंद्रातली वर्षं

१९९५ मध्ये त्यांना पुन्हा केंद्रात बोलावलं गेलं. पागोहची जागा परत मिळाली आणि युवक व क्रीडा खातं. राज्याचा मालक होता, आता मंत्रिमंडळातला एक. पुढच्याच वर्षी पक्षातलं उपनेतेपदही गेलं, राज्य हातातून सुटलं की प्रतिनिधीही सुटतात. क्रीडामंत्री असताना १९९८ मध्ये क्वालालंपूरला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, आशियातल्या पहिल्याच. स्पर्धा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी महाथीर यांनी उपपंतप्रधान अन्वर यांना बडतर्फ केलं आणि पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. १९९३ मध्ये अन्वर यांच्या गटातून निवडून आलेले मुहयिद्दीन त्यांच्याबरोबर गेले नाहीत. ते सरकारात राहिले. शिडीवरून उतरायचं नाही, हा त्यांचा स्वभाव तेव्हा स्पष्ट दिसला.

नंतर अंतर्गत व्यापार, शेती, आंतरराष्ट्रीय व्यापार अशी खाती झाली. २००९ मध्ये नजीब पंतप्रधान झाले आणि मुहयिद्दीन उपपंतप्रधान, शिवाय शिक्षणमंत्री. शिक्षणमंत्री म्हणून त्यांचा एक निर्णय आपल्याला विशेष जवळचा वाटेल. २००३ पासून मलेशियात शाळेत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात झाली होती. ती महाथीर यांची आवडती योजना. खेड्यातली मुलं त्यामुळे मागे पडतात, हा आक्षेप होता. मुहयिद्दीन यांनी २००९ मध्ये ती मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. गणित-विज्ञान पुन्हा मलय भाषेत, आणि तमिळ व चिनी शाळांत त्या त्या भाषेत. शहरी पालक नाराज झाले, गावाकडचे शिक्षक सुखावले. मराठी शाळांत सेमी-इंग्रजीवरून जो वाद आपण करतो, नेमका तोच वाद. माझं मत विचाराल तर निर्णय योग्य होता, पण मुलांच्या पिढीच्या मध्यावर धोरण दोनदा फिरवणं योग्य नव्हतं.

२०१० मध्ये ते म्हणाले की आपण आधी मलय आहोत, मग मलेशियन. या विधानाने चिनी आणि भारतीय वंशाचे नागरिक दुखावले आणि ते आजही विसरलेले नाहीत. पाच वर्षांनी याच माणसाने जे केलं, ते मात्र वेगळंच होतं.

वनएमडीबी नावाचा सरकारी गुंतवणूक निधी नजीब यांच्या काळात उभा राहिला होता. जुलै २०१५ मध्ये बातमी आली की जवळपास ७० कोटी डॉलर पंतप्रधानांच्या वैयक्तिक खात्यांत जमा झाले आहेत. मंत्रिमंडळातले बहुतेक गप्प राहिले. मुहयिद्दीन यांनी २६ जुलैला पक्षाच्याच सभेत उघडपणे उत्तर मागितलं. २८ जुलैला त्यांना काढून टाकण्यात आलं. त्याच दिवशी महान्यायवादीही बदलले गेले. ज्याने ३७ वर्षं शिडी सोडली नव्हती, त्याने हे केलं, आणि त्याची नोंद त्यांच्या टीकाकारांनीही घ्यायला हवी. पुढच्या वर्षी अम्नोतून हकालपट्टी झाली. मग त्यांनी महाथीर यांच्यासोबत नवा पक्ष काढला, बर्सातू. शब्दाचा अर्थ एकजूट.

मे २०१८ मध्ये बर्सातू, अन्वर यांचा पक्ष आणि इतरांची पकातान हरापान, म्हणजे आशेची आघाडी, निवडून आली. बारिसान पहिल्यांदाच हरलं. जोहोरही गेलं. मुहयिद्दीन गृहमंत्री झाले, आणि त्याच सुमारास स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन सिंगापूरला उपचार घेत राहिले. पण या विजयात एक भेग होती. आघाडीत बर्सातूच्या जागा फक्त १३, तरी पंतप्रधान त्यांचेच महाथीर. ठरल्याप्रमाणे पुढे ते पद अन्वर यांना द्यायचं होतं. कधी द्यायचं, हे मात्र ठरलं नव्हतं.

दोन मतांचं सरकार

२३ फेब्रुवारी २०२० ला, रविवारी, पेटालिंग जायाच्या शेरेटन हॉटेलात बर्सातूचे, अन्वर यांच्या पक्षातून फुटलेल्या अझमीन अली यांच्या गटाचे आणि विरोधातल्या अम्नो व पास या इस्लामी पक्षाचे खासदार जमले. मलेशियात या सगळ्या प्रकरणाला 'शेरेटन चाल' हेच नाव पडलं. दुसऱ्या दिवशी महाथीर यांनी राजीनामा दिला. त्यांना फुटीरांबरोबर, विशेषतः अम्नोबरोबर, सरकार करायचं नव्हतं. बर्सातू मात्र आघाडीतून बाहेर पडली.

आता घटना काय म्हणते? कलम ४३ नुसार, देवान रक्यातच्या बहुमताचा विश्वास ज्याच्यावर असण्याचा संभव आहे असं आगोंगना वाटतं, त्याला ते पंतप्रधान नेमतात. 'वाटतं' हा शब्द महत्त्वाचा. सभागृहात मतदान होण्याची वाट त्यांनी पाहायलाच हवी असं नाही. आगोंग सुलतान अब्दुल्ला यांनी दोन दिवसांत जवळपास सगळ्या खासदारांना राजवाड्यावर एकेक करून बोलावलं आणि विचारलं. मग पक्षनेत्यांना विचारलं. २९ फेब्रुवारीला राजवाड्याने मुहयिद्दीन यांचं नाव जाहीर केलं. महाथीर यांनीही आपल्याकडे बहुमत असल्याची यादी पुढे केली, पण उशीर झाला होता. १ मार्चला मुहयिद्दीन यांनी आठवे पंतप्रधान म्हणून शपथ घेतली.

१८ मार्चपासून कोरोनाची टाळेबंदी. संसद लगेच भरलीच नाही. १८ मे रोजी एक दिवस भरली, आगोंगचं भाषण झालं आणि चर्चेविना उठली. दरम्यान दूरचित्रवाणीवर हा शांत बोलणारा माणूस लोकांना आवडायला लागला होता. त्यांनी २५० अब्ज रिंगिटचं मदत पॅकेज समजावताना केळ्याची भजी विकणाऱ्या कियाह मावशीचं उदाहरण घेतलं: तिला किती मिळणार, तिच्या नवऱ्याला किती, मुलांना किती. आपण तुम्ही मत दिलेला पंतप्रधान नसेनही, पण हा पंतप्रधान तुमची काळजी करतो, असंही ते म्हणाले. लोक त्यांना 'आबाह' म्हणू लागले, म्हणजे बाबा. आपल्या आबांसारखंच ऐकू येतं.

संख्या मात्र बदलत नव्हती. जुलैमध्ये सभापतींना हटवण्याचा ठराव १११ विरुद्ध १०९ मतांनी संमत झाला. सगळ्या देशाला कळलं की सरकार दोन मतांवर उभं आहे. दोन मतांचं सरकार चालवायचं तर प्रत्येक खासदार महाग पडतो. मंत्री आणि उपमंत्री मिळून आकडा ७० च्या घरात गेला होता. जुलै २०२१ पर्यंत उपपंतप्रधान नेमलाच नाही, कारण एका पक्षाला ते पद दिलं की दुसरा उठून जाणार. त्याऐवजी ४ ज्येष्ठ मंत्री. आणि ज्या अम्नोने त्यांना ४ वर्षांपूर्वी काढलं होतं, त्याच अम्नोच्या पाठिंब्यावर हे सगळं टिकून होतं.

जोहोरमधल्या ९ वर्षांशी तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. तिथे पद लहान होतं, पण मागे एकसंध पक्ष होता, विधानसभेत प्रचंड बहुमत होतं, जमीन होती, नेमणुका होत्या. सकाळी निर्णय घेतला तर संध्याकाळी अंमल. पुत्रजयात पद देशातलं सर्वोच्च, आणि मागे रोज मोजावी लागणारी डोकी. मलेशियाच्या व्यवस्थेत सत्ता पदातून येत नव्हती, अम्नो नावाच्या एका पक्षातून येत होती. तो पक्ष ज्यांनी फोडला त्यांत मुहयिद्दीन स्वतः होते, आणि त्याची किंमत त्यांना सर्वोच्च पदावर बसून मोजावी लागली.

ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी आणीबाणी मागितली, आगोंगनी नकार दिला. १२ जानेवारी २०२१ ला मात्र १ ऑगस्टपर्यंतची आणीबाणी जाहीर झाली. संसद बंद. कारण साथीचं दिलं गेलं आणि साथ खरीच होती. पण संसद बंद ठेवल्याने साथ थांबली नाही, हेही तितकंच खरं. जून-जुलैमध्ये घरात अन्न संपलेली कुटुंबं खिडकीतून पांढरं फडकं लावायला लागली, म्हणजे शेजाऱ्यांनी येऊन मदत करावी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रोजचे रुग्ण २० हजारांच्या वर गेले. कियाह मावशीचं नाव घेऊन आलेल्या सरकारच्या काळातली ही फडकी पाहिली की मन खिन्न होतं.

शेवट राजवाड्याकडूनच झाला. जुलैच्या अखेरीस संसद भरली तेव्हा कायदामंत्र्यांनी सांगितलं की आणीबाणीतले अध्यादेश आधीच रद्द केले आहेत. २९ जुलैला राजवाड्याने निवेदन काढून कळवलं की आगोंगची संमती घेतलेलीच नव्हती. ज्या राजाच्या 'वाटण्या'वरून हे सरकार आलं, त्याच राजाने जाहीर नाराजी व्यक्त केली. अम्नोच्या एका गटाने पाठिंबा काढला होता. १३ ऑगस्टला मुहयिद्दीन यांनी विरोधकांपुढे सुधारणांचा प्रस्ताव ठेवला, त्यात पक्षांतरबंदीचा कायदाही होता. कुणी स्वीकारला नाही. १६ ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. १७ महिने.

नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. अन्वर यांची पकातान ८० च्या थोडी वर, मुहयिद्दीन यांची परिकातान नॅशनल ही आघाडी सत्तरीच्या वर, बारिसान ३०. आगोंगनी मुहयिद्दीन आणि अन्वर यांना एकत्र सरकार करण्याची सूचना केली. मुहयिद्दीन यांनी नकार दिला. अम्नो अन्वर यांच्याकडे गेली आणि २४ नोव्हेंबरला अन्वर पंतप्रधान झाले. १९९३ मध्ये एकाच गटातून लढलेले दोघं, एक सत्तेत, एक विरोधात. मार्च २०२३ मध्ये मुहयिद्दीन यांच्यावर त्यांच्या पंतप्रधानपदाच्या काळातल्या एका ठेका योजनेवरून अधिकाराच्या गैरवापराचे आणि मनी लाँडरिंगचे आरोप ठेवले गेले. ते त्यांनी नाकारले आहेत. उच्च न्यायालयाने गैरवापराचे आरोप रद्द केले होते, अपील न्यायालयाने २०२४ मध्ये ते पुन्हा लागू केले.

त्यांच्या शेवटच्या प्रस्तावातला पक्षांतरबंदीचा कायदा मात्र त्यांच्या नंतरच्या सरकारने आणला. घटनेत कलम ४९अ घातलं गेलं आणि ते ५ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालं. आपल्याकडे हा कायदा १९८५ पासून आहे, पण दोन्हींत फरक आहे. मलेशियात खासदाराने स्वतः पक्ष सोडला तर त्याची जागा जाते. पक्षाने त्याला काढलं तर जागा जात नाही. आणि अख्खा पक्षच एका आघाडीतून दुसरीकडे गेला तर त्या पक्षाच्या खासदारांना काहीच होत नाही. हाच कायदा फेब्रुवारी २०२० मध्ये असता, तर अन्वर यांचा पक्ष सोडून अझमीन यांच्यामागे गेलेल्या खासदारांच्या जागा रिकाम्या झाल्या असत्या आणि १११ विरुद्ध १०९ हे गणित जुळलं नसतं. बर्सातू मात्र पक्ष म्हणून बाहेर पडली होती. तिच्या अध्यक्षाला, पागोहच्या खासदाराला, या कायद्याने हातही लावला नसता.